मावशीची नोकरी

आमच्या मत्स्यालयातल्या शार्कला आम्ही मावशी म्हणतो. ती दिवसभर टाकीच्या तळाला वाळूत पडून असते. लोक तिकीट काढून यायचे आणि माझ्यावर खेकसायचे.

"मेलेली शार्क दाखवता होय? शार्क पोहायची थांबली की मरते, सगळ्या जगाला माहीत आहे!"

"हिला कोणी सांगितलेलं नाही," मी म्हणायचो. "कल्ले बघा, हलतायत. हिच्या जातीला पडल्या पडल्या श्वास घेता येतो."

शेवटी मॅनेजर वैतागले. "रविवारी या टाकीसमोर एक तरी माणूस किंचाळला पाहिजे. नाहीतर मावशीची रवानगी, आणि तिच्या जागी बदकं."

हे ऐकून माझा मामा जेवला नाही. मामा आमचा पाणबुड्या. रोज टाकीत उतरून आतून काच घासतो, आणि मावशी त्याच्या पायावर डोकं ठेवून झोपते. मामी त्या पायांना धुतल्याशिवाय घरातसुद्धा घेत नाही.

रविवारी गर्दी बरी होती. काच घासताना मामाचा अंगठा शिंपल्याने कापला. पाण्यात रक्ताची बारीक रेघ उठली.

मॅनेजरांनी माझा दंड आवळला. "रक्त! मैलभरावरून वास लागतो यांना! आता पिसाळते बघ!"

"साहेब, नाक तिखट आहे, पण मैलभर नाही. आणि माणूस हे काही तिचं खाणं नाही. त्यातून आमचा मामा."

सगळे काचेला नाक लावून उभे. मावशीने एक डोळा उघडला. मामाच आहे म्हटल्यावर डोकं त्याच्या दुसऱ्या पायावर ठेवलं.

"गेली हिची नोकरी," मॅनेजर पुटपुटले.

तेवढ्यात मामाचा ब्रश एका दगडाला लागला. दगडामागे एका पिवळ्या माशाची अंडी होती. मासा तळहाताएवढा. तो तीरासारखा आला आणि मामाच्या कानाला लटकला.

अख्खी गर्दी किंचाळली. सगळ्यात मोठ्याने मॅनेजर.

मी हळूच म्हटलं, "किंचाळायचं ते याच टाकीसमोर ठरलं होतं, साहेब."

मावशी राहिली. टाकीवर आता पाटी आहे: 'सावधान! पिवळा मासा.' मामा कानटोपी घालून उतरतो. काल एक बाई डोळे पुसत विचारत होत्या, "अहो, त्या राक्षसाबरोबर ही गरीब शार्क कशाला ठेवलीय? खाईल ना तो तिला!"