श्रेयसचा पॅच

"काहून अडवून राह्यली तू?" श्रेयसनं फोनवर आल्या आल्या विचारलं.

केतकी खुर्चीत सरळ बसली. कळंबमध्ये सकाळपासून वीज नव्हती, लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालला होता. आतल्या खोलीत तिचे वडील, वामनराव, जेवून पडले होते. श्रेयसचं इंग्रजी ती जवळजवळ रोज वाचायची. त्याचा आवाज मात्र पुणे सोडल्यापासून ऐकला नव्हता.

ऑपरेटिंग सिस्टीमचा सगळ्यात आतला भाग म्हणजे कर्नल. श्रेयस जर्मनीतून त्यातले बदल, म्हणजे पॅच, लिहून पाठवी. ते तपासणाऱ्यांमध्ये केतकी होती. सगळा व्यवहार सर्वांना दिसेल अशा ईमेलवर, कोरड्या इंग्रजीत. त्याच्या नव्या पॅचला बाकीच्यांनी होकार दिला होता. तिनं दिला नव्हता.

"चुकलंय म्हणून अडवलं," ती म्हणाली. "पान परत झाकताना फसलं, तर तू काय करतो? तसंच पुढं देऊन टाकतो."

एकाच मोठ्या संगणकावर अनेकांची आभासी यंत्रं, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालतात. त्यातल्या सुरक्षित यंत्राची मेमरी खुद्द मोठ्या संगणकाच्या मालकालाही वाचता येऊ नये, यासाठीच हा सारा खटाटोप होता. मेमरीचं एखादं पान कामापुरतं बाहेरच्याला उघडं करावं लागतं, मग पुन्हा झाकून घ्यावं लागतं. श्रेयसच्या कोडमध्ये ते झाकलं गेलं नाही, तरी झाकलंच आहे असं धरून पुन्हा वापरात जात होतं.

"असं कधी होते? मले तर एकदाबी दिसलं नाही."

"होते. मी झाकणं मुद्दाम बिघडवून पाह्यलं."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "केतकी, या खेपेले हे गेलं नाही तर आमची टीम बंद करून राह्यले. तू आता हो म्हण. मी मागाहून दुरुस्त करतो."

तिला हो म्हणावंसं वाटलं. पुण्याच्या ऑफिसात मले-तुले असं वऱ्हाडी बोलणारे ते दोघंच होते. तो पांढरकवड्याचा. कॅन्टीनमध्ये ते मोठ्यानं बोलू लागले की लोकांना भांडण वाटायचं, आणि ते आणखी मोठ्यानं बोलायचे. दोन्ही घरांना त्यांच्याबद्दल कल्पना होती. मग वामनरावांचं उजवं अंग लुळं पडलं. आई आधीच गेलेली, दुसरं कोणी नव्हतं. ती कळंबला निघाली तेव्हा बसस्टँडवर श्रेयसनं तिची बॅग वर चढवून दिली आणि म्हणाला, "पाहू." त्यानंतर तो जर्मनीला गेला.

"हो नाही म्हणता येत मले," ती म्हणाली. "कोणाचे दवाखान्याचे रिपोर्ट असतील त्यात. कोणाचं काय."

"तशीच राह्यली तू," तो म्हणाला. पण आवाजात राग नव्हता. त्याच्यामागे एका लहान मुलीनं जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. त्यानं जर्मनमध्येच, फार हळुवारपणे उत्तर दिलं.

"बाबा कसे हायेत?"

"चालतात आता. धरून."

"तेव्हा मी म्हटलं असतं, मीबी येतो कळंबले, तर?"

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"तू म्हटलं नाही," ती म्हणाली. "ते पानाचं पाह्य आधी."

फोन ठेवून ती आत गेली, तर वामनराव जागेच होते. आजारानं त्यांची जीभ जड झाली होती.

"कोण होतं?"

"श्रेयस."

"पांढरकवड्याचा?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर छताकडे वळवली. "काय म्हणे?"

तिनं त्यांना समजेल असं सांगितलं. "भाड्याची खोली रिकामी करून घेतली, पण एक चावी बाहेरच्याकडेच राहून गेली. तो म्हणते, तशीच दुसऱ्याले देऊ."

"मंग? काय करा लागते?"

"कुलूप लावायचं. कोणालेच नाही द्यायची. थोडी जागा वाया जाते."

वामनराव चांगला हात तिच्या मनगटावर ठेवून म्हणाले, "तुही उमर लय गेली वाया."

"बाबा, औषध घ्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी श्रेयसचा दुरुस्त पॅच आला. पान झाकण्याची क्रिया तिनं पुन्हा मुद्दाम बिघडवली. ते पान आता कोणाच्याच वाट्याला जात नव्हतं. कर्नल ते कायमचं बाजूला ठेवत होतं. सगळे मार्ग तपासून झाल्यावर तिनं उत्तर लिहायला घेतलं. बोटांनी आधी देवनागरीतच लिहिलं, 'आता जमलं पाह्य.' ते तिनं दोनतीनदा वाचलं. मग पुसलं, आणि नेहमीची इंग्रजी ओळ लिहून पाठवली. तपासलं, मान्य. खाली पूर्ण नाव.

उन्हं उतरल्यावर वामनरावांना आधार देऊन ती अंगणात घेऊन आली.

"झालं काम?"

"झालं."

"त्याले सांगतलं?"

"त्याले दिसते, बाबा."

त्यांनी आपला भार तिच्या खांद्यावर टाकला. दोघं फाटकापर्यंत गेले, थोडे थांबले, आणि हळूहळू मागे वळले.