वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड

"बेल वाजली की धावत सुटायचं नाही, ग्लेनिस. आधी ॲप्रन काढ, केस सारखे कर, मग दार उघड."

"पाहुणे कसले, मिस? आपले हेडमास्तर तर आहेत!"

"आपल्या दारात आले की पाहुणेच."

मिस हेस्केथ असं म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनीच दोनदा स्वतःच्या केसांवरून हात फिरवला. हे दार होतं शाळेच्या वरच्या मजल्यावर, वर्गांच्या रांगेच्या टोकाला. त्यामागे बैठकीची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर असं अख्खं बिऱ्हाड, नुसतं शिकण्यासाठी. इंग्लंडातल्या लँकशरच्या या गिरणगावात दुसऱ्या महायुद्धानंतर मुलींची शाळा निघाली, तेव्हाच ते बांधलेलं. अकराव्या वर्षी होणाऱ्या निवड परीक्षेत मागे पडलेल्या पोरींना निदान संसार तरी नेटका करता यावा, असा सरकारी हिशेब. पोरींना कोणी विचारलं नव्हतं. दर आठवड्याला चौघीजणी ते घर चालवायच्या. बाजारहाट करायच्या, बिछाने घालायच्या आणि शुक्रवारी एका पाहुण्याला जेवायला बोलवायच्या.

गावातल्या मायलेकींना घर चालवायला शिकवलं ते मिस हेस्केथनी. स्वतः मात्र त्या मिसेस क्रॉम्प्टनकडे भाड्याच्या एका खोलीत राहत. तिथे चहासुद्धा घरमालकिणीच्या वेळेला मिळे.

आता ही शाळा पलीकडच्या मुलांच्या शाळेला जोडली जाणार होती. नवे हेडमास्तर मिस्टर बार्लो यांना या जागेत टेपरेकॉर्डरवर फ्रेंच शिकवायचा वर्ग करायचा होता. "ठरवण्याआधी एकदा जेवायला तरी या," असं मिस हेस्केथनी हट्टानं सांगितलं होतं. भरल्या घरात बसून जेवल्यावर माणसाला ते मोडवणार नाही, ही त्यांची भाबडी आशा.

माणूस वाईट नव्हता. खिम्यावर बटाट्याचा खरपूस थर दिलेला तो पदार्थ त्यांनी दोनदा मागून घेतला. पण नजर या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरत होती.

"ही मधली भिंत पाडली की तीस मुलं आरामात बसतील," ते म्हणाले.

"आणि मुलींनी हे सगळं शिकायचं कुठे?"

"मुली फ्रेंच शिकतील, मिस हेस्केथ. चांगल्या नोकऱ्या धरतील. त्यांच्यासाठी ते वाईट आहे का?"

वाईट नव्हतंच. मिस हेस्केथना ते कळत होतं. त्या ताटातला घास नुसता इकडून तिकडे सारत राहिल्या.

सफरचंदाचं गोड वाढायला उठलेली ग्लेनिस तशीच थांबली. "मग रविवारी मिसनी कुठे जायचं?"

"म्हणजे?" मिस्टर बार्लोंनी विचारलं.

चौघींतल्या, शेजारी बसलेल्या मोरीननं तिला टेबलाखालून लाथ मारली, पण ग्लेनिस कसली गप्प बसतेय!

"आमचं घर समोरच आहे, सर. हिवाळ्यात रविवारी इथला दिवा दिसतो. मिस येतात, चहा करतात, खिडकीपाशी बसून विणतात. आई म्हणते, कुणाकडे बोलायचं नाही. त्यांनाही स्वतःचं घर नको का?"

मिस हेस्केथचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, हे फक्त शाळेच्या रखवालदाराला ठाऊक आहे. समोरच्या आळीला ठाऊक होतं आणि कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग ती आळी एकदम आपली वाटली. त्यांनी हातरुमाल घडी करून मांडीवर ठेवला.

"कस्टर्डवर साय धरतेय, ग्लेनिस. पाहुण्यांना वाढ बघू."

मिस्टर बार्लोंनी खाली मान घालून गोड संपवलं. भिंतींकडे पुन्हा पाहिलं नाही, पण आपला बेत बदलला असंही ते म्हणाले नाहीत. सुट्टीत गवंडी येणार, हे मिस हेस्केथना त्या न बोलण्यातूनच समजलं.

निघताना पाहुण्यानं आभार मानायचे ते त्या आठवड्याच्या घरधनिणीचे, म्हणजे मुलीचे, असा तिथला रिवाज. मिस्टर बार्लोंनी ग्लेनिसचे आभार मानले. मग ते मिस हेस्केथपुढे येऊन उभे राहिले.

"तुमच्या घरी जेवायला बोलावलंत," ते म्हणाले, "आभारी आहे."

मिस हेस्केथनी ते दुरुस्त केलं नाही. त्या त्यांना पोचवायला दारापर्यंत गेल्या.

"पुन्हा या," त्या म्हणाल्या, आणि ते जिना उतरेपर्यंत उंबऱ्यात उभ्या राहिल्या.