पोटात उतरणारी दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. लगेच चंद्र-तारे आठवू नका, मित्रांनो! आकाशाकडे बघणाऱ्या त्या माझ्या लांबच्या बहिणी, त्यांचा तोरा वेगळा. मी माणसाच्या तोंडातून घशात आणि घशातून पोटात उतरते. करंगळीएवढी जाड, काळी, लवचीक. टोकाला बारीकसा कॅमेरा आणि दिवा.

एका कारखान्यात बायकांनी भिंगाखाली बघत माझ्या तारा जोडल्या. माझा उजेड दोन तऱ्हांचा. पांढऱ्या उजेडात पोटाचं अस्तर गुलाबी दिसतं, सगळं कसं आलबेल! बटण दाबलं की उजेड निळसर-हिरवा होतो आणि अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात. कर्करोग कोवळा असतो तेव्हा कधीकधी गाठ नसतेच, नुसत्या या वाहिन्या वेड्यावाकड्या झालेल्या असतात. तेवढं मला दिसतं. बढाई नाही, कामच ते. पण कौतुक कोण करणार? मला बघूनच लोकांच्या पोटात गोळा येतो.

एकदा एक प्लंबर आला. कित्येक दिवस पोटात जळजळ, वजनही उतरलेलं.

“काही खाल्लं नाही ना?” सिस्टरने विचारलं.

“छे! पाण्याचा थेंबसुद्धा नाही.”

मी आत उतरले, तर समोर पावाचे तुकडे! भरल्या पोटात मला कप्पाळ दिसणार? वर ते अन्न श्वासनळीत गेलं तर माणूस जिवाला मुकायचा. डॉक्टरबाईंनी मला तडक बाहेर काढलं. “अहो, जिवावर बेतलं असतं!” त्या चिडल्या. तो खाली मान घालून निघून गेला.

घरी त्याने ठोकून दिलं, ‘तपासलं, काही निघालं नाही.’ पुढची तारीख द्यायला सिस्टरने फोन केला, तो नेमका त्याच्या बायकोने उचलला. झालं! दुसऱ्या सकाळी तिने त्याला उपाशीपोटी आणून उभं केलं.

“लोकांचे तुंबलेले पाइप उघडून बघता, आणि स्वतःची पाळी आली की पाव खाऊन येता?”

“मुद्दामच खाल्ला,” तो म्हणाला. “दादा पोटाच्या कर्करोगाने गेला. मलाही तेच निघालं तर? ऐकायची छाती नव्हती गं.”

ती जवळ सरकली. “मग मला सांगायचंत ना.”

पांढऱ्या उजेडात काहीच दिसलं नाही. डॉक्टरबाईंनी बटण दाबलं. एका कोपऱ्यात नखाएवढा तपकिरी डाग उमटला. त्यातला कण तपासायला गेला आणि कर्करोगच निघाला. पण तो वरच्या पापुद्र्यातच होता. काही दिवसांनी माझ्याच आतल्या पोकळ नळीतून बारीक सुरी सरकवून डॉक्टरबाईंनी तो सोलून काढला. पोट फाडावं लागलं नाही. प्लंबर पुन्हा कामाला लागला.

आता माझं आवरण चिरलंय. कोणीतरी एकदा कचकन चावलंही होतं! नवी दुर्बीण आली आणि माझी रवानगी काचेच्या कपाटात झाली. शिकाऊ डॉक्टर माझ्यावर हात बसवतात, तेही धसमुसळेपणाने. वापरून झाल्यावर नीट पुसावं, एवढंही त्यांना सुचत नाही.

प्लंबर दर वर्षी तपासून घ्यायला येतो. परवा तो डॉक्टरबाईंबरोबर माझ्या कपाटापाशी थांबला.

“बाई, दादा गेला त्या वर्षी ही होती इथे?”

“होती की.”

त्याने काचेवर हात ठेवला. मग म्हणाला, “पलीकडच्या गल्लीत तर राहायचा. पोट धरून बसायचा आणि म्हणायचा, काही नाही रे, होईल बरं. मीही ऐकलं त्याचं.”

मी यंत्र आहे, मला रडू येत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणी असंच ‘काही नाही रे’ म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. त्याचा हात धरा आणि त्याला घेऊन या. पलीकडच्या गल्लीतसुद्धा मला एकटीला जाता येत नाही.