पाचाचा सहा

कल्पना करा हं, मुलांनो: दुपारचे तीन वाजलेत, तुमच्या हातात मैत्रिणीची चिठ्ठी आहे आणि तिच्या दाराला कुलूप. गाव सोडून निघालेल्या तिच्या घरच्यांचा ट्रक केव्हाच गेलाय. पायरीवर उरलाय दोरीचा एक तुकडा.

टिकलीचं अगदी असंच झालं. तो तुकडा मुठीत धरून ती तडक मावशीच्या कचेरीत शिरली. मावशी तिथलं संगणकांचं जाळं सांभाळायची.

"खोटारडी आहे ती! तीनला निघणार म्हणाली नि आधीच पळाली."

"बघू चिठ्ठी."

चिठ्ठीवर एकच आकडा, इंग्रजीत लिहिलेला सहा, 6. दोघींचा गुप्त आकडा होता तीन. खऱ्या तासात तो मिळवून लिहायचा, वाचताना वजा करायचा. सहातून तीन गेले, उरले तीन.

"गुप्त आकडा कुणाकुणाला ठाऊक?"

"आम्हा दोघींनाच. म्हणजे तिनंच खोटं लिहिलं ना? पण ती का लिहील?"

"अगं, वाचता आलं नाही तरी बदलता येतं. हा तास आहे एवढं ओळखलं की झालं. लिहिलेला आकडा एकाने वाढवला, की तासही एकाने वाढतो. गुप्त आकडा हवाय कशाला?"

"मग तुझ्या जाळ्यात?"

"तिथं पासवर्ड नुसता झाकून भागत नाही. सोबत पडताळा पाठवतो. मजकूर आणि गुप्त शब्द एकत्र कालवून काढलेला. वाटेत एक टिंब हललं तरी पडताळा जुळत नाही, आणि गुप्त शब्दावाचून नवा काढता येत नाही."

टिकलीने चिठ्ठी खिडकीशी धरली. आकडा निळ्या शाईचा. पण सहाचं पोट बंद करणारी रेघ काळी होती, केसासारखी बारीक.

आधी पाच होता. पाचातून तीन गेले, दोन.

तसं पेन घरात एकच होतं. बाबा त्याने नकाशे काढायचे. सकाळी चिठ्ठी आणून दिली होती तीही बाबांनीच.

"काय गं, काय दिसलं?"

"काही नाही." तिने नकळत गुडघा चोळला. गेल्या वर्षी दादा वसतिगृहात निघाला, तेव्हा गाडीमागे धावताना तो फुटला होता. बाबांनी उचलून घरी आणलं होतं. रात्रभर ते उशाशी बसले होते. आज ट्रक निघताना दिसला असता, तर ती पुन्हा तशीच धावली असती.

संध्याकाळी तिने मैत्रिणीला पत्र लिहिलं. सगळं आकड्यांत, शेवटी पडताळा आणि तो कसा जुळवून बघायचा तेही. मग ते नकाशांच्या टेबलावर ठेवलं.

"बाबा, टपालपेटीत टाकशील?"

"पाकीट चिकटव की, वेडे."

"नको. कुणी काही बदललं तर तिला आता कळेल."

बाबांचं पेन कागदावर थांबलं. थांबल्या जागी काळा ठिपका पसरत गेला.

टिकलीने ते पेन त्यांच्या हातातून अलगद काढलं, टोपण लावलं, आणि शाईचा डाग पडलेलं त्यांचं बोट धरून दाराकडे निघाली. पत्र तिने त्यांच्याच दुसऱ्या हातात दिलं होतं.