तीन वॅटचा घोट

मित्रांनो, मी टॉकीजमधला जुना स्पीकर आहे आणि माझं तोंड माझ्या अंगापेक्षा मोठं आहे. हसू नका! एकदा मांजरीने त्यात चार पिल्लं घातली होती, तरी जागा उरली होती. आमच्या रत्नागिरीकडे मला सगळे भोंगा म्हणतात. म्हणोत बापडे. एवढं तोंड असल्यावर नावं ठेवली जाणारच.

माझा जन्म साठ वर्षांपूर्वी देवरूखला झाला. आतलं आवाज काढणारं यंत्र मुंबईहून आलं, पण रुंदावत जाणारं हे तोंड बाबल्या मिस्त्रींनी जुन्या फणसाच्या लाकडातून घडवलं. मृदंगाचं खोडही फणसाचंच असतं, म्हणून मी स्वतःला मृदंगाचा चुलतभाऊ समजतो. मग खेडच्या एका टॉकीजमध्ये पडद्यामागे उभा राहून मी पंचवीस वर्षं बोललो. मला आवाज पुरवायला व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर होता. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचे दिवे. ते तापून लालसर झाले की आवाजाला बळ द्यायचे. त्याची ताकद जेमतेम दहा वॅट आणि समोर माणसं सहाशे. तरी शेवटच्या रांगेला नायिकेचा हुंदका ऐकू जायचा. थोडक्या विजेत पुष्कळ बोलणं हा माझा गुण, आणि तो मी का लपवू?

पण टॉकीज बंद पडली नि मी लांज्याला एका काजूवाल्याच्या वखारीत पोत्यांखाली गेलो. तिथे मी किती वर्षं गप्प होतो ते सांगत नाही, उगाच तुमचं तोंड उतरेल. एके दिवशी फारुकचाचांनी मला पाहिलं. आयुष्यभर जहाजावर वायरमन होते ते; आता रत्नागिरीत बंदराकडे जुने रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी माझ्या तोंडातली काजूची टरफलं काढली आणि मला घरी नेलं. अहाहा, काय बरं वाटलं!

त्यांच्याकडे आरोही आली ती एक कॅसेट घेऊन. ती लांज्याजवळच्या वाडीतली, शाळेत शिक्षिका. तिचे वडील धोंडू शाहीर. गणपतीत जाखडीचा नाच असतो ना, पायात चाळ बांधून गोल फेर धरतात तो, त्यात मधोमध बसून गाणारे हे शाहीर. चार तालुक्यांत त्यांचं नाव होतं. पण दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. वाडीतली जाखडीही थांबली. यंदा मुंबईहून आलेले चाकरमानी म्हणू लागले, गाणारा नाही तर डीजे लावू. आरोहीने हट्ट धरला की पस्तीस वर्षांपूर्वी अंगणात भरलेल्या, बाबांच्या गाण्याच्या या कॅसेटवर नाचा. ते कबूल झाले, पण एका अटीवर: आवाज शाहिरांचाच वाटला पाहिजे, डब्यातला नको.

“बाबा गायला बसले की त्यांना जग दिसायचं नाही,” ती चाचांना म्हणाली. “मीसुद्धा नाही. पण गळा काय होता, चाचा!”

अशी माझी वरात टेम्पोतून वाडीवर निघाली. माझ्याआधी तिथे दीपक पोचला होता. शाहिरांचा पुतण्या, मुंबईत मंडळाचा कार्यकर्ता. एवढ्या मोठ्या तोंडाला मोठाच घास हवा, अशा हिशेबाने त्याने मिरवणुकीतला हजार वॅटचा अॅम्प्लिफायर भाड्याने आणला होता. मनाने सोन्यासारखा पोर, पण अक्कल जरा घाईची. बटण दाबलं मात्र, माझ्या घशातून जी भणभण सुटली! कोंबड्या उडाल्या. त्यात शाहिरांचा आवाज नुसता भांडल्यासारखा वाटत होता. शाहीर बसल्या जागचे उठले आणि कुणाकडे न बघता परसात गेले. आरोहीचा चेहरा मला पाहवेना. नाचाची बारी तर संध्याकाळीच होती.

फारुकचाचा रागावले नाहीत. त्यांनी टेम्पोतून अॅम्प्लिफायरचे स्वतःचे दोन डबे काढले. पहिला चाळीस वॅटचा, देखणा, चार मोठ्या व्हॉल्व्हचा. दुसरा घरीच जुळवलेला, डालड्याच्या डब्याएवढा, कसाबसा तीन वॅटचा. दीपकला हसू आवरेना. चाचांनी कॅसेट लावलीच नाही. नुसता अॅम्प्लिफायर चालू केला, माझ्या तोंडात डोकं घातलं आणि त्या डब्याला म्हणाले, “गाणं नंतर. आधी गप्प बसून दाखव.”

मित्रांनो, हीच माझी खरी परीक्षा! मी इतका हलक्या कानाचा की अॅम्प्लिफायर जरा पुटपुटला तरी मी ते सगळ्या आळीला सांगतो. चाळीसवाला देखणा पुटपुटला. चाचांनी त्याला बाजूला ठेवलं. तीनवाल्याने मात्र चकार शब्द काढला नाही. चाचांनी दीपकचंही डोकं माझ्या तोंडात घातलं. “बंद आहे वाटतं,” दीपक म्हणाला.

“चालू आहे. याला घोटभर पुरतं, पोरा. बादली ओतलीस म्हणून ठसका लागला.”

संध्याकाळी चाळ बांधून सगळे उभे राहिले. शाहिरांना हाताला धरून आणलं. त्यांनी खुर्ची नाकारली आणि फेराच्या मधोमध आपल्या जुन्या जागी मांडी घातली. आरोही पडवीच्या खांबाला टेकून मागेच उभी होती. कॅसेट सरसरली. मृदंगावर कुणी बोटं फिरवली. आणि गाणं सुरू होण्याआधी, आजवर कुठल्याच यंत्रावर कुणाला न ऐकू आलेला, कॅसेटवरचा शाहिरांचा एक हलका आवाज मी अंगणात सोडला, जसा होता तसा:

“माज्या पोरीला फुडं बसवा रं. तिला मागनं काय दिसत नाय.”

आणि लगेच गणपतीचा गण उसळला. काय तो गळा! चाळ वाजू लागले, अंगण थरारलं, दीपक तर सगळ्यांत उंच उडत होता. आरोही जागची हललीच नाही. डोळ्यांना पदर लावून ती रडत होती नि हसत होती. शाहिरांनी मान वळवून तिला शोधलं. मग आपल्यासमोरच्या जमिनीवर दोनदा हात थोपटला. पंचेचाळीस वर्षांची ती बाई फेरातून वाट काढत गेली आणि बापासमोर मांडी घालून बसली.

आता मी त्याच पडवीत असतो. दर रविवारी तीन वॅटचा घोट घेतो आणि गातो. मला ओलीपासून जपा, वाळवीपासून जपा, एवढंच माझं मागणं. आणि मित्रांनो, आवाज वाढवण्याआधी क्षणभर गप्प बसून पाहा. कुणीतरी तुम्हाला केव्हाचं पुढे बोलावत असेल.