चेंडू गेला

साल होतं १९६८. मोंतेविदेओत त्या हिवाळ्यात ओफेलिया बेंतांकुर दर रविवारी वही घेऊन मैदानावर जायची आणि दर सोमवारी ती वही दाखवून रडकुंडीला येऊन परतायची.

ती शाळेत कवायत शिकवायची. तिला फुटबॉल प्रशिक्षकांच्या वर्गात जायचं होतं, आणि अर्जावर एका जाणत्या प्रशिक्षकाची सही हवी होती. दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबाचे म्हातारे प्रशिक्षक डॉन वॉशिंग्टन लारोसा म्हणाले होते, "आमच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्यांचे तीन सामने बघ. तिसरी वही पटली तर सही. नाहीतर घे सुखाने कवायती."

वहीत त्यांनीच चार रकाने आखून दिले होते: चेंडू आहे, चेंडू गेला, चेंडू नाही, चेंडू आला.

पहिली वही त्यांनी आपटली. दुसरी तर अर्धीच वाचली.

"'गेला'चा रकाना पुन्हा कोरा! चेंडू गेला की हे लोक काय करतात? माते-चहा प्यायला बसतात?"

"दिसतच नाही हो मला! सगळं एकदम होतं."

"आणि हे काय? 'घड्याळजी उजवीकडून सुटला.' कोण घड्याळजी?"

"त्यांचा सात नंबर. सगळे म्हणतात… म्हणजे, रेडिओवाले म्हणतात."

डॉन वॉशिंग्टननी माते-चहाचा भोपळ्याचा पेला खाली ठेवला. "मैदानावर रेडिओ ऐकतेस?"

"बाबांना दिसत नाही. त्यांच्या मांडीवर असतो."

"अगं बाई! तो रेडिओवाला गडी चेंडूमागे धावतो आणि चेंडू गेला की साबणाची जाहिरात म्हणतो. ही वही तुझी नाही, त्याची आहे."

ओफेलियाला लाज वाटली, त्याहून जास्त राग आला. सहा वर्षांची असल्यापासून ती बाबांच्या शेजारी बसून, त्या आवाजातूनच सामने बघत आली होती.

तिसऱ्या रविवारी तिने बाबांना शेजाऱ्याजवळ बसवलं. "मी गोलच्या खांबांमागे बसते. दीड तास फक्त."

"जा," तिचे बाबा एर्मेस म्हणाले. "पण तू नसलीस की हा रेडिओ फार थापा मारतो."

पूर्वार्ध फुकट गेला. सबंध गॅलरीत शेकडो रेडिओ, सगळ्यांतून तोच आवाज. नजर चेंडूमागे ओढली जायची आणि ती स्वतःलाच शिव्या घालायची. शेवटी तिने मफलरची लोकर ओढून कानात कोंबली.

तेव्हा दिसलं. चेंडू गेला, आणि पुढे चढलेला त्यांचा तीन नंबर कमरेवर हात ठेवून, साथीदारांना बोल लावत रमतगमत परतत होता. त्याच्यामागे अंगणाएवढी मोकळी जागा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

सोमवारी डॉन वॉशिंग्टननी वही दोनदा वाचली आणि कपाळाला आठ्या घालूनच सही केली. "एवढ्याशा गोष्टीला तीन वह्या लागल्या!"

पुढच्या रविवारी डॉन वॉशिंग्टनच्या संघाने त्याच जागेतून दोन गोल केले. वर्तमानपत्राने त्यांचीच वाहवा केली.

अर्ज दोनदा परत आला. बायकांना कपडे बदलायला खोली नाही म्हणून. तिसऱ्या वर्षी ती घरूनच खेळाचे कपडे घालून गेली आणि आत घेईपर्यंत दारातून हलली नाही. पुढे तिने मुलींचे संघ घडवले. डॉन वॉशिंग्टन त्र्याहत्तर साली वारले. तिच्या कोऱ्या रकान्याच्या दोन्ही वह्या त्यांच्या कपाटात सापडल्या. तो तीन नंबर कसाई झाला, तिथेही रमतगमत मांस तोडायचा.

आणि एर्मेस शेवटपर्यंत मांडीवरच्या रेडिओवर ओरडत राहिले, "अरे, चेंडू गेला ना! मग बाकीचे दहा जण कुठे आहेत, ते सांग!"