हॉस्पिटलचा फोन लागेपर्यंत

मी फोन बोलतोय. एका छोट्या दैनिकाच्या कचेरीत, बातम्यांच्या टेबलावर वीस वर्षं काढली. काम एकच: विचारणं.

मला सर्वांत जास्त उचललं ते उपसंपादक बाईंनी. सगळे त्यांना शंकाताई म्हणत. बातमी हाती आली की त्यांचा डावा हात माझ्याकडे यायचाच. एकदा काकांच्या निधनाची बातमी घेऊन पुतण्या समोर बसला होता, तरी त्यांनी काकूंना फोन लावून गेलेल्यांचं वय विचारून घेतलं. पुतण्याला राग आला. वय मात्र त्यानं चुकीचंच लिहिलं होतं.

मग दैनिकाची वेबसाइट निघाली आणि भिंतीवर पडदा लागला. या क्षणी किती जण वाचताहेत, तो आकडा त्यावर हलत राही. आकड्यावर जाहिराती आणि जाहिरातींवर सगळ्यांचे पगार. संपादक मनानं वाईट नव्हते, पण आकडा उतरला की त्यांचा चेहरा उतरायचा. दुसऱ्याच्या साइटवरची बातमी दोन मिनिटांत आमच्याकडे चढू लागली. दोन मिनिटांत मी कुणाला विचारणार? बातमीदार मला हात लावेनासे झाले.

एका दुपारी गावाबाहेरच्या वळणावर बस उलटली. चालक जागीच गेला, असा निरोप त्याच्या नावानिशी मोबाइलवर फिरू लागला. शंकाताईंनी हॉस्पिटलला फोन लावला. लाइन बिझी. पुन्हा लावला.

"बाकीच्यांनी टाकलंय," संपादक म्हणाले.

"पाच मिनिटं द्या. माणूस आहे की गेला, एवढंच विचारते."

त्यांनी दिली नाहीत. बातमी चढली. आकडा कधी नव्हे इतका वर गेला.

सातव्या मिनिटाला हॉस्पिटलचा फोन लागला. चालकाचा पाय मोडला होता. तो शुद्धीवर होता, पाणी मागत होता. आमच्याकडे 'ठार' काढून 'जखमी' घातलं गेलं. चूक झाली, असं कुठंच लिहिलं नाही.

दोन महिन्यांनी चालक कुबड्या टेकत कचेरीत आला. त्याच सात मिनिटांत शेजारणीनं त्याच्या आईला बातमी वाचून दाखवली होती. म्हातारी कोसळली. जीव वाचला, पण मन तिथंच अडकलं. मुलगा रोज समोर बसतो, ती त्याला पाहुणा समजून चहा विचारते.

"मला भरपाई नको," तो म्हणाला. "मी जिवंत आहे, एवढं पहिल्या पानावर छापा. ती जन्मभर तुमचा पेपर वाचत आलीय. माझं नाही ऐकत, तुमचं ऐकेल."

शंकाताईंनी तिथंच सहा ओळी लिहिल्या, खाली स्वतःचं नाव घातलं. संपादकांनी त्यातला एक शब्दही न कापता त्या पहिल्या पानावर छापल्या.

दुसऱ्या दिवशी मी वाजलो. चालकच होता. आईनं दोनदा वाचलं, म्हणाला. मग चष्मा काढून ठेवला आणि त्यालाच विचारलं, "या पेपरवाल्यांचं आता काय खरं धरायचं?"

त्यानं फोन ठेवल्यावरही शंकाताई मला कानाशी धरून बसून होत्या.

आता त्या निवृत्त झाल्या आहेत. माझी लाइन तोडली, मी कपाटावर पडून आहे. मला खाली घ्या, असा माझा हट्ट नाही. तुमच्या हातातला मोबाइल माझ्याच कुळातला. त्यावरून बातमी पुढे ढकलता येते, तसं कुणाला तरी विचारताही येतं. आधी विचारा. लाइन बिझी असेल, तर थांबा.